परसदारीचे तळे

चंडीगडच्या सेक्टर २२ मधील मागील अंगण आणि घरच्या हातांनी खणलेले पाणी

बदलीच्या नोकरीत गावे बदलतात, घरे बदलतात, शेजार बदलतो. बदलत नाही ती घरामागे चार हात मोकळी जागा असावी ही इच्छा. मराठी माणसाच्या मनात या जागेला ‘परस’ असे नाव आहे. त्या परसात एक विहीर, एखादी दगडी डोण, चार केळी आणि अळूचे पान एवढे असले की घर पुरे होते, अशी जुन्या पिढीची धारणा होती. महानगरांतील सदनिकांनी हा परस केव्हाच गिळला. परंतु नोकरीनिमित्ताने चंडीगडला गेलेल्या आणि सेक्टर २२ सारख्या जुन्या वसाहतीत राहण्याचा योग आलेल्या कुटुंबाला तो अनपेक्षितपणे पुन्हा भेटतो. पंजाबी शेजारीण त्याला ‘वेहडा’ म्हणते, इतकाच काय तो फरक.

हा वेहडा तेथे योगायोगाने आलेला नाही. २ एप्रिल १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते या शहराची पायाभरणी झाली आणि सर्वप्रथम ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांपैकी सेक्टर २२ ही एक. ल कॉर्बुझिए यांनी नगराची आखणी केली आणि कॅपिटॉलच्या भव्य वास्तू उभारल्या. सामान्य कर्मचाऱ्याने राहावयाचे कोठे, हा प्रश्न मात्र मुख्यत्वे पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या तिघांनी व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी सोडवला. सेक्टर २२ च्या रचनेवर जेन ड्र्यू यांचा ठसा विशेष आहे. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत सरकारी निवासांच्या श्रेणी ठरवण्यात आल्या आणि नकाशांना श्रेणीचा क्रमांक व रचनाकाराच्या नावाचे आद्याक्षर देण्यात आले. ‘१३-डी’ म्हणजे ड्र्यूबाईंचे घर, ‘१३-जे’ म्हणजे जानरे यांचे. गंमत अशी की ज्या नगरात तेरा क्रमांकाचा सेक्टरच २०२० पर्यंत नव्हता, तेथे तेरा क्रमांकाची घरे मात्र पहिल्यापासून होती. ती सर्वांत कमी वेतनाच्या कर्मचाऱ्यांसाठी होती. त्या घरालाही नळाचे पाणी, स्वच्छतागृह आणि मागे भिंतीने वेढलेले अंगण मिळाले. उन्हाळ्यात रात्री उघड्यावर खाट टाकून झोपणारा हा प्रदेश आहे, हे रचनाकारांनी ध्यानात घेतले होते.

आज त्यांतील पुष्कळ अंगणांवर पत्रे चढले आहेत, खोल्या निघाल्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील, म्हणजे एक ते तीस क्रमांकांच्या सेक्टरांतील निवासी भूखंडांचे मजलेवार तुकडे पाडण्यास मनाई केली, ती या नगराचे मूळ रूप टिकावे म्हणून. ज्यांच्या घरामागे आकाश अद्याप शिल्लक आहे, त्यांनी त्या जागेचे काय करावे? कोणी कपडे वाळवतात, कोणी कढीपत्ता आणि पुदिना लावतात. हा लेख आहे तो तेथे लहानसे तळे खणू इच्छिणाऱ्यांसाठी, आणि तेही कंत्राटदाराच्या नव्हे, घरच्या हातांनी.

पाण्याची ओढ

पाणी घराजवळ आणून ठेवण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळांनी पुण्यात खेळवण्यात आले आणि ठिकठिकाणी हौद बांधले गेले. पाणी आटले तरी काळा हौद, फडके हौद, बाहुलीचा हौद ही नावे अजून पत्त्यांतून वाहत आहेत. शनिवारवाड्यातील हजारी कारंजे कमळाच्या आकाराचे आहे. इकडे चंडीगडपासून वीस-बावीस किलोमीटरवर, सतराव्या शतकात फिदाई खानाने उभारलेली पिंजोरची बाग पायरीपायरीने उतरत जाणाऱ्या पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. खुद्द चंडीगडात कॉर्बुझिए यांनी विधानसभेपुढे वास्तूचे प्रतिबिंब पडावे म्हणून उथळ जलाशय योजले आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांच्या साथीने १९५८ मध्ये सुखना नाल्याला बांध घालून सुखना तलाव साकारला.

परंतु घरच्या हातांनी पाणी खेळवण्याचा धडा घ्यावयाचा तर तो नेकचंद यांच्याकडून. सार्वजनिक बांधकाम खात्यातील या रस्ता-निरीक्षकाने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून, नोकरीचे तास संपल्यावर, कोणाला न सांगता, नव्या नगराच्या बांधकामातील टाकाऊ वस्तू जंगलात नेऊन एक आख्खे विश्व रचले. फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे, जुने डांबराचे पिंप यांतून उभे राहिलेले ते ‘रॉक गार्डन’ १९७६ मध्ये लोकांना खुले झाले आणि तेथील धबधबे आजही गर्दी खेचतात. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, परवानगीही नव्हती. होता तो वेळ आणि चिकाटी. परवानगीच्या बाबतीत मात्र त्यांचे अनुकरण करू नये.

खणण्यापूर्वी

पहिला प्रश्न घर कोणाचे, हा. सरकारी निवासात किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्याने लेखी परवानगीविना कुदळ उचलू नये. त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे: विहिरीसाठी वापरतात तसले सिमेंटचे कडे तळ बंद करून जमिनीवर ठेवावे, किंवा जाड प्लास्टिकचे मोठे टब घ्यावे. बदलीचा हुकूम आला की तळे रिकामे करून बरोबर नेता येते, ही सोय बँकेच्या कर्मचाऱ्याला निराळी सांगावयास नको. या तळ्यात एक कुमुदिनी आणि पाच-सहा मासे सुखाने राहतात.

ज्यांचे घर स्वतःचे आहे त्यांनीही प्रथम जमिनीखाली काय आहे ते पाहावे. सेक्टर २२ मधील घरे सत्तर वर्षांची झाली. अशा ओळीच्या घरांत न्हाणीघर, शौचकूप आणि स्वयंपाकघर बहुधा अंगणाच्या बाजूस असते. त्यांच्या जुन्या मलवाहिन्या अंगणाखालूनच जातात. चेंबरची झाकणे उघडून त्यांची दिशा पाहिल्याशिवाय खूण मारू नये. दुसरी काळजी भिंतींची. या घरांची एक भिंत शेजाऱ्याच्या घराशी सामाईक असते. तळ्याला गळती लागली तर ओल आपल्या घरी येण्याआधी शेजाऱ्याच्या खोलीत उमटू शकते आणि मग तळे राहते बाजूला, बोलणेही बंद होते. म्हणून घराच्या व कुंपणाच्या भिंतीपासून निदान पाच फूट अंतर सोडावे. अंगणात एवढी जागा नसेल तर खणण्याचा विचारच सोडून द्यावा आणि वर सांगितलेले टबाचे तळे करावे. त्यात कमीपणा काही नाही.

तिसरी गोष्ट उन्हाची. कमळाला दिवसाकाठी सहा तास ऊन लागते, कुमुदिनीचे चार-पाच तासांत भागते. परंतु चंडीगडच्या मे-जूनमध्ये पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दिवसभर उन्हात तापणारे उथळ पाणी माशांना मानवत नाही. सकाळी ऊन आणि दुपारी तीननंतर भिंतीची सावली, ही उत्तम जागा. आंब्याच्या किंवा पेरूच्या झाडाखाली तळे सुंदर दिसेल असे वाटते. ते चित्रातच सुंदर दिसते. पाने पाण्यात कुजतात, मुळे अस्तर फोडतात, आणि उत्तरेकडील पानगळ फेब्रुवारी-मार्चच्या महिन्या-दीड महिन्यात एकदम येते.

आठ बाय पाच

एक मध्यम आकार धरून चालावे: आठ फूट लांब, पाच फूट रुंद, दीड फूट खोल. हे साठ घनफूट झाले, म्हणजे सुमारे सतराशे लिटर पाणी आणि तेवढाच किलो भार. यापेक्षा लहान तळे सोपे असेल असे नवख्याला वाटते, पण खरे उलटे आहे. थोडे पाणी झटकन तापते, झटकन थंड होते, झटकन नासते. पाण्याचा साठा मोठा असला की चुकाही त्यात विरघळतात. दीड फुटापेक्षा खोल मात्र जाऊ नये. त्याचे कारण पुढे येईल.

साठ घनफूट माती खणली की ती सैल होऊन पाऊणशे घनफूट होते. एका घमेल्यात सुमारे अर्धा घनफूट माती मावते, म्हणजे दीडशे घमेली झाली. दोन माणसांना शनिवार-रविवार मिळून दोन आठवड्यांचे हे काम आहे आणि टेबलाशी बसून काम करणाऱ्याची पाठ त्याहून अधिक मागते. ही माती फेकण्याचे दुसरे कंत्राट द्यावे लागू नये म्हणून ती कोठे जाणार हे आधीच ठरवावे. तिचाच एका बाजूस उंचवटा करून त्यावर फुलझाडे लावता येतात. थोडी चिकण माती कमळाच्या कुंडीसाठी राखून ठेवावी.

एका टोकाला नऊ इंच खोलीवर फूटभर रुंदीची पायरी सोडावी. उथळ पाण्यातील रोपे तिच्यावर उभी राहतात आणि पाण्यात पडलेला सरडा किंवा खारीचे पिल्लू तिच्यावरून बाहेर येऊ शकते. काठ चारही बाजूंनी एका पातळीत असणे अत्यंत आवश्यक आहे. पाणी कोणाचीही भीड ठेवत नाही. काठ एका बाजूला इंचभर जरी खाली असला तरी सारे तळे वाकडे दिसते आणि तेथूनच वाहू लागते. गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी या कामी लेझर यंत्राइतकीच उपयोगी पडते.

काठ आजूबाजूच्या जमिनीहून तीन-चार इंच उंच ठेवावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण तिच्यामागे सुखना तलावाचा अनुभव उभा आहे. शिवालिकच्या ठिसूळ टेकड्यांवरून पावसाबरोबर येणाऱ्या गाळाने त्या तलावाचा मोठा भाग भरून टाकला. पाणलोटात वनीकरण करावे लागले, लहान बांध घालावे लागले, नागरिकांनी वर्षानुवर्षे श्रमदानाने गाळ उपसला. परसातील तळ्याचा ‘पाणलोट’ म्हणजे अंगण. तेथील माती पहिल्याच पावसात आत आली तर एका वर्षात तळ्याचा चिखल होतो.

अस्तर: शेततळ्याचे उसने ज्ञान

पाणी धरून ठेवण्याचे दोन मार्ग. पहिला विटा-सिमेंटचा. तो टिकाऊ खरा, पण घरगुती हातांची परीक्षा पाहणारा. गिलाव्यात जलरोधक मिसळावे लागते, दहा-चौदा दिवस पाणी मारून तो पक्का करावा लागतो आणि त्यानंतरही घाई चालत नाही. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो, पाणी अल्कधर्मी होते आणि त्यात सोडलेले मासे एका रात्रीत मरतात. असे तळे भरून, काही दिवस ठेवून, रिकामे करून पुन्हा भरावे. हा क्रम तीन-चार वेळा व्हावा लागतो. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हे परवडणारे नाही.

दुसरा मार्ग महाराष्ट्रातील शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे. नाशिकची द्राक्षे आणि सोलापूर-सांगलीकडील डाळिंबे ज्या शेततळ्यांवर उन्हाळा काढतात, त्यांच्या तळाशी अंथरलेला पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागदच येथे वापरावा. २०१६ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हापासून हा कागद खेड्यापाड्यांत परिचयाचा झाला. त्यासाठी भारतीय मानक संस्थेचे आय.एस. १५३५१ हे प्रमाण आहे. खरेदी करताना ते पाहून घ्यावे. बाजारात साधी निळी ताडपत्री स्वस्त मिळते, पण उन्हाने ती एक-दोन वर्षांत चिरफाळते आणि मग सारा खेळ नव्याने मांडावा लागतो.

कागदाचे माप काढण्याचा हिशेब सोपा आहे. लांबीत खोलीची दुप्पट मिळवावी आणि दोन्ही काठांना एकेक फूट सोडावा. आठ अधिक तीन अधिक दोन म्हणजे तेरा फूट. पाच अधिक तीन अधिक दोन म्हणजे दहा फूट. तेरा बाय दहाचा अखंड तुकडा घ्यावा, जोड टाळावा. खड्ड्यातील खडे, मुळे आणि विटांचे तुकडे हाताने वेचून काढावेत. वर दोन इंच चाळलेली वाळू, तिच्यावर जुनी गोणपाटे किंवा जाजम, आणि मग अस्तर. ते भर दुपारी अंथरावे. उन्हाने मऊ झालेला कागद कोपऱ्यांत नीट बसतो. अनवाणी उतरावे. पाणी भरत जाईल तसतसे ते कागद आपोआप खाली ओढते. तोवर कडा दगडांनी सैलसर दाबून ठेवाव्यात, घट्ट नव्हे. काठाला फरशांचे तुकडे, जुन्या विटा, नदीचे गोटे जे मिळेल ते लावावे. नेकचंदांच्या शहरात त्यासाठी नवे संगमरवर विकत आणणे शोभत नाही.

एकंदर खर्चात सर्वांत मोठा भाग या अस्तराचा, त्याखालोखाल पंपाचा. श्रम घरचे असल्याने उरलेले फारसे काही नाही. गृहसुधारणा कर्जासाठी शाखेत येण्याची वेळ यातून येऊ नये.

पाणी कोठून आणावे

येथे खरा पेच आहे. चंडीगडला पाणी येते ते सुमारे सत्तावीस किलोमीटरवरील कजौली येथून, भाखडा कालव्याचे. उन्हाळ्यात सकाळच्या वेळी नळाचे पाणी हिरवळीवर सोडणाऱ्यांना किंवा मोटारी धुणाऱ्यांना महापालिका दंड करते. अशा शहरात हौसेखातर सतराशे लिटर पिण्याचे पाणी खड्ड्यात ओतणे शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपेल आणि तसे खुपणे योग्यच आहे.

उत्तर आकाशात आहे. चंडीगडला वर्षाकाठी सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातील बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. चारशे चौरस फुटांच्या गच्चीवर पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर साडेअठराशे लिटर पाणी जमते. म्हणजे श्रावणातील एक चांगली सर आपले तळे काठोकाठ भरते. म्हणून कामाचे वेळापत्रक पावसावरून मागे मोजत यावे. मार्चमध्ये आखणी, थंडी सरल्यावर एप्रिलमध्ये सकाळच्या वेळी खोदाई, जूनमध्ये अस्तर आणि गच्चीच्या पन्हाळीची जोडणी. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी गच्चीवरील धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते, ते बाहेर सोडावे. त्यानंतरचे आत घ्यावे. तळे भरल्यावर जास्तीचे पाणी जाण्यासाठी काठाखाली दोन इंची नळी बसवून ती झाडाच्या आळ्यात न्यावी, अन्यथा मोठ्या पावसाच्या रात्री मासे अंगणात सापडतील.

बाष्पीभवन किती होते? मे-जूनच्या लूमध्ये दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास पातळी उतरते. चाळीस चौरस फुटांच्या पृष्ठभागावर हे सदतीस लिटर होतात, म्हणजे अडीच बादल्या. ऐकायला पुष्कळ वाटते. पण खोलीच्या खिडकीला लावलेला डेझर्ट कूलर दिवसभरात सहज याहून अधिक पाणी पितो. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी मात्र येथे ओतू नये, ते कुंड्यांना द्यावे. नळाचे पाणी घालावे लागले तर बादल्यांत एक-दोन दिवस उघडे ठेवून क्लोरिन उडून गेल्यावरच घालावे.

पातळी रोज घटते आहे ती उन्हाने की गळतीने, हा प्रश्न प्रत्येक तळेवाल्याला पहिल्या उन्हाळ्यात पडतो. त्याची युक्ती अशी: एक बादली पाण्याने भरून तळ्यातील पायरीवर ठेवावी, बादलीतील आणि तळ्यातील पाण्याच्या पातळीवर खूण करावी. पंप बंद ठेवून दोन दिवसांनी पाहावे. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर दोष सूर्याचा; तळ्यातील घट अधिक असेल तर अस्तराला भोक आहे. पाणी उतरता उतरता ज्या पातळीवर थांबते, त्याच उंचीवर भोक शोधावे.

हिरव्या पाण्याचे पंधरा दिवस

तळे भरले, पहिला आठवडा पाणी आरशासारखे दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते वाटाण्याच्या आमटीसारखे हिरवे होते आणि घरात ‘तरी सांगत होतो’ सुरू होते. याच वेळी बहुतेक जण पाणी उपसून टाकतात आणि तेच करावयाचे नसते. पाण्यात उन्हामुळे सूक्ष्म शेवाळ वाढलेले असते. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग वनस्पतींना खाद्य होणाऱ्या नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू दगडांवर आणि अस्तरावर वस्ती करावयास चार ते सहा आठवडे घेतात. पाणी बदलले की हा सारा प्रपंच पुन्हा पहिल्यापासून. कुमुदिनीच्या पानांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकला गेला आणि जिवाणूंनी आपले काम हाती घेतले की पाणी निवळते. म्हणून मासे पहिल्या दिवशी न सोडता महिन्याभराने, आणि तेही दोन-चार करून सोडावेत.

कुमुदिनी पावसाळ्यातही लागते. कमळाचा कंद मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, थंडी ओसरताना, रुंद तोंडाच्या आणि भोक नसलेल्या कुंडीत चिकण मातीत आडवा ठेवावा. कंपोस्ट, कोकोपीट यांसारखे हलके मिश्रण पाण्यावर तरंगते. चंडीगडच्या भाजीबाजारात कमळकाकडी ‘भें’ या नावाने भरपूर मिळते आणि तीच लावली तर फुले येतील असा मोह होतो. परंतु बाजारातील कमळकाकडी टोके कापून विकलेली असते. वाढीचा कोंब शाबूत असलेला तुकडा मिळाला तरच ती रुजते, नाही तर तिची भाजीच करावी हे उत्तम. हिवाळ्यात कमळाची पाने वाळून जातात. झाड मेले असे समजून कंद उपटून टाकू नये.

जलपर्णी कोणी प्रेमाने दिली तरी घेऊ नये. कोल्हापूरच्या रंकाळ्याची आणि पुण्याच्या नद्यांची तिने काय अवस्था केली, हे मराठी वाचकाने पाहिले आहे. तसेच कासव. घरात कासव पाळल्याने लक्ष्मी स्थिर होते अशी समजूत पसरवून देशी कासवे चोरून विकली जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये ती पाळणे हा गुन्हा आहे. आणि तळ्यातील नको झालेला कोणताही जीव वा वनस्पती सुखना तलावात नेऊन सोडू नये, सोडणाऱ्याला ते पुण्य वाटले तरी.

डास, मासे आणि महापालिकेचा माणूस

पावसाळ्यानंतर चंडीगडात डेंग्यूचे रुग्ण आढळतात. आरोग्य विभागाची पथके घरोघरी कूलर, टाक्या, कुंड्यांखालच्या थाळ्या तपासतात आणि अळ्या दिसल्या तर नोटीस किंवा दंड होतो. अशा वेळी घरामागे तळे करणे म्हणजे संकटाला निमंत्रण, असे शेजारी म्हणतील. त्यांची भीती अनाठायी नाही. अंड्यापासून डासापर्यंतचा प्रवास सात ते दहा दिवसांत पुरा होतो.

परंतु डेंग्यूचा एडीस डास शोधतो ते साचलेले, लहान, मासे नसलेले पाणी. हलत्या पाण्याच्या आणि भुकेल्या माशांच्या तळ्यात अळीचे आयुष्य फार थोडे असते. खरा धोका असतो तो मालक महिनाभर गावी गेल्यावर अर्धवट आटलेल्या तळ्याचा, कडेला ठेवून दिलेल्या बादलीचा आणि कारंज्याच्या बंद भांड्याचा. एडीसची अंडी कोरड्या भिंतीवर महिनोन्‌महिने जगतात, त्यामुळे रिकामे तळे निर्धास्त असते असेही नाही. काठ घासून घ्यावा लागतो.

मासे कोणते? महाराष्ट्रात हिवताप विभागाने घरोघरी पोहोचवलेले गप्पी मासे प्रत्येकाला आठवतात. पण गप्पी उष्ण प्रदेशातील. पुण्यात, मुंबईत ते बारा महिने जगतात. चंडीगडच्या पौषात, जेव्हा किमान तापमान चार-पाच अंशांवर येते आणि दिवसचे दिवस धुके हटत नाही, तेव्हा उघड्या उथळ तळ्यातील गप्पी तग धरत नाहीत. गॅम्बुशिया थंडी सोसतो. तो १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला आणि अळ्या खाण्यात पटाईत आहे. मात्र इतर माशांची अंडी-पिल्लेही तो तितक्याच आवडीने खातो. म्हणून बंदिस्त तळ्याबाहेर तो जाऊ न देण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर येते. डॅनिओ, रस्बोरा यांसारखे छोटे देशी मासे हा अधिक चांगला पर्याय. गोल्डफिश थंडीत टिकतो, उन्हाळ्यात मात्र त्याला जपावे लागते. कोई हा फूट-दोन फूट वाढणारा मासा. दीड फूट पाण्यात त्याला ठेवणे म्हणजे न्हाणीघरात घोडा बांधण्यासारखे आहे. दहा-बारा लहान मासे या तळ्याला पुरेत. त्यांना रोज खाऊ घालू नये. पोट भरलेला मासा अळ्यांकडे पाहत नाही.

वीस वॅटचा छोटा पंप पाणी हलते ठेवतो. रोज आठ तास चालला तर महिन्याला पाच युनिटांहून कमी वीज लागते. तो दिवसा कारंजे पाहण्यासाठी चालवण्याची रीत आहे, पण उन्हाळ्यात त्याची खरी गरज रात्री असते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अंधारात वनस्पतीही तो वापरू लागतात. म्हणून मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडताना दिसतात. पंपाची जोडणी परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावी आणि मंडलात तीस मिलिअँपियरवर तुटणारा सुरक्षा-स्विच असल्याखेरीज पाण्यात तार सोडू नये. ‘स्वतः करा’ हे ब्रीद येथे संपते.

दीड फुटांचे कारण

घरात पाच वर्षांखालील मूल असेल, किंवा शेजारचे येत-जात असेल, तर या लेखातील इतर सर्व सूचनांआधी ही वाचावी. लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते. ते आरडाओरडा करत नाही, पाणी उडवत नाही. डोके जड असल्यामुळे पालथे पडते आणि उठू शकत नाही. त्याला दोन-तीन मिनिटे पुरतात. दारावरच्या माणसाशी बोलण्यात आईची तेवढी मिनिटे सहज जातात. दीड फुटांची खोली हा मोठ्या माणसाला तत्काळ आत उतरता यावे म्हणून घेतलेला आकडा आहे. तो मुलाचे रक्षण करत नाही.

रक्षण करते ती जाळी. लोखंडी सळ्यांची दोन इंची चौकटींची जाळी करून, गंजरोधक रंग देऊन, ती पाण्याच्या पातळीच्या इंचभर वर, काठावर चारही बाजूंनी घट्ट बसवावी. मोठ्या माणसाने एक पाय ठेवून भार दिला तरी ती वाकता कामा नये. कुमुदिनीची पाने आणि फुले तिच्यातून वर येतात, पानगळीत तिच्यावरच नायलॉनची जाळी टाकता येते, आणि धीवर पक्षी व मांजरे यांपासून माशांनाही तिचा आडोसा मिळतो. जाळी दिसते, पाण्याची शोभा थोडी कमी होते, होऊ द्यावी. मुले मोठी झाल्यावर ती काढता येईल. ज्यांना ती नको असेल त्यांनी तळे आणखी पाच-सहा वर्षे पुढे ढकलावे आणि तोवर परसात अळू लावावे.

पहिला पावसाळा सरला की तळ्याची कामे थोडकी उरतात: आठवड्याला वाळकी पाने काढणे, महिन्याला पंपाची गाळणी धुणे, कार्तिकानंतर माशांचे खाणे कमी करणे आणि कडाक्याच्या थंडीत ते बंद ठेवणे. फेब्रुवारीत तळातील गाळ अर्धा उपसून गुलाबांना द्यावा. त्याच्या तोडीचे खत दुकानात मिळत नाही. तेव्हाच कमळाचे कंद विभागावेत. एका कुंडीतून तीन-चार कंद निघतात, आणि त्या सुमारास शेजारच्या वेहड्यातूनही एखाद्या टबाची चौकशी आलेली असते.